मुळातली बुरशी हार्मोन बनवते, मग रोप त्यामुळेच वाढतं का?



गेल्या महिन्यात माझ्या मामेभावाने व्हॉट्सअॅपवर एका पाकिटाचा फोटो पाठवला. खाली मेसेज होता, "दादा, कृषी सेवा केंद्रवाला म्हणतोय यातल्या बुरशीत हार्मोन असतं, रोप नुसतं पळतं. खरं का? पप्पा पूर्ण टोमॅटोच्या प्लॉटला सोडायचं म्हणतायत."

मी सॉफ्टवेअरवाला. शेती मामाची, माझा संबंध सुट्टीपुरता. पण प्रश्न चांगला होता आणि पैसे मामाचे जाणार होते, म्हणून दोन-तीन रात्री बसून वाचलं. उत्तर "हो" निघालं, पण त्या "हो"च्या पुढे एक मोठा "पण" आहे. तोच आज समजून घेऊया.

या लेखात काय वाचाल: झाडातलं हार्मोन म्हणजे काय, बुरशी ते कसं आणि का बनवते, शास्त्रज्ञ ते कसं तपासतात, आणि पाकीट घेण्याआधी तुम्ही काय बघायचं.

झाडाचं हार्मोन म्हणजे नेमकं काय?

झाडाला मेंदू नाही, नसा नाहीत. मग शेंड्याला प्रकाश कुठून येतो हे खोडाला कसं कळतं? मुळाला कुठे फाटा फुटू द्यायचा हे कोण ठरवतं? हे निरोप रसायनांमार्फत जातात. ही रसायनं अगदी थोडी लागतात, पण पेशीला "वाढ", "थांब", "फाटा फोड" असे आदेश मिळतात. यांनाच वनस्पती हार्मोन म्हणतात. शेतकरी बोलताना "संजीवक" हा शब्द वापरतात.

आपल्या विषयासाठी चार नावं लक्षात ठेवा:

१. ऑक्झिन: बाजूची मुळं आणि केशमुळं फुटायला मदत करतं. यातलं मुख्य रसायन म्हणजे इंडोल अॅसेटिक अॅसिड, थोडक्यात आयएए.
२. जिबरेलिन: खोड लांब करतं, बी रुजायला मदत करतं. द्राक्षवाले ज्याला "जीए" म्हणतात ते हेच.
३. सायटोकायनिन: पेशींचं विभाजन वाढवतं, पानं लवकर म्हातारी होऊ देत नाही.
४. इथिलीन: हा वायू आहे. फळ पिकवतो, पण रोप ताणात असताना तो जास्त तयार झाला तर मुळांची वाढ रोखतो.

यात "जास्त म्हणजे चांगलं" हा नियम चालत नाही. गव्हातलं तण मारायला वापरतात ते टू-फोर-डी हे माणसाने बनवलेलं ऑक्झिनच आहे. थोडं ऑक्झिन मुळं फोडतं, अती झालं तर रोपाची वाढ वेडीवाकडी होऊन ते मरतं. डोस बदलला की निरोपाचा अर्थच बदलतो.

सगळी गोष्ट एका "मूर्ख रोपा"पासून सुरू झाली

बुरशी हार्मोन बनवते हे माणसाला कळलं ते एका रोगामुळे. जपानमध्ये भाताच्या शेतात काही रोपं बाकीच्यांपेक्षा एकदम उंच व्हायची, फिकट पडायची आणि दाणे न भरताच आडवी व्हायची. शेतकरी या रोगाला "बाकानाए" म्हणायचे, म्हणजे मूर्ख रोप.

१९२६ मध्ये इइची कुरोसावा हे शास्त्रज्ञ तेव्हा जपानच्या ताब्यात असलेल्या तैवानमध्ये यावर काम करत होते. त्यांनी रोगाची बुरशी द्रवात वाढवली, मग ती गाळून काढून टाकली आणि फक्त उरलेलं पाणी रोपांना दिलं. बुरशी नव्हती, तरी रोपं तशीच उंच झाली. म्हणजे बुरशी काहीतरी रसायन सोडत होती. १९३५ मध्ये तेइजिरो याबुता यांनी त्या रसायनाला "जिबरेलिन" हे नाव दिलं. त्या बुरशीला आज फ्युजेरियम फुजिकुरोई म्हणतात.

आपल्याकडे नाशिक आणि सांगलीच्या द्राक्षबागांमध्ये घड लांब व्हावा, मणी फुगावा म्हणून जे जीए वापरतात, ते कारखान्यात आजही प्रामुख्याने याच बुरशीला टाकीत वाढवून काढलं जातं. भाताचा रोग द्राक्षाच्या कामाला आला!

पण या गोष्टीतून एक धडा घ्यायचा आहे. बाकानाएच्या रोपात हार्मोन भरपूर होतं, रोप "पळत"ही होतं, आणि शेतकऱ्याचं नुकसान होत होतं. त्यामुळे "बुरशी हार्मोन बनवते" एवढ्यावरून ती मित्र आहे की शत्रू, हे ठरत नाही.

बुरशी ऑक्झिन कसं बनवते?

आता जमिनीखाली जाऊया. रोप पानात साखर बनवतं आणि त्यातला काही भाग मुळांतून मातीत सोडतं. त्याबरोबर अमिनो आम्लंही बाहेर पडतात. त्यातलं एक म्हणजे ट्रिप्टोफॅन.

मुळावर किंवा मुळाच्या आत राहणाऱ्या अनेक बुरशा हे ट्रिप्टोफॅन उचलतात. मग त्यांची एन्झाइम्स त्याला एकेका टप्प्याने बदलतात आणि शेवटी आयएए तयार होतं. कच्चा माल बऱ्याच वेळा रोपाचाच, प्रक्रिया बुरशीची, आणि तयार माल परत मुळाला!

हे ऑक्झिन मुळाच्या पेशींपर्यंत पोचलं की पेशीची भिंत थोडी सैल होते, पेशी लांबते, आणि मुळाच्या आत नवीन फाट्याची तयारी सुरू होते. काही दिवसांत बाजूची मुळं वाढतात. शेतकरी ज्याला "पांढरी मुळी" म्हणतात ती हीच कोवळी, कामाची मुळं. ती वाढली की रोप जास्त जमिनीपर्यंत पोचतं आणि पाणी, स्फुरद, नत्र जास्त उचलतं.

बुरशीला यात काय मिळतं?

बुरशी काही समाजसेवा करत नाही. मुळं जास्त तर राहायला जागा जास्त आणि साखरही जास्त. शिवाय ऑक्झिनमुळे पेशीची भिंत सैल होते आणि रोपाची संरक्षण यंत्रणा काही प्रमाणात शांत होते. म्हणजे हे हार्मोन बुरशीसाठी आत शिरायचा गेटपासही असू शकतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे याचीच गरज पडणार आहे.

हार्मोन आहे हे शास्त्रज्ञ कसं तपासतात?

पद्धत १: रंग बघणे. बुरशी द्रवात वाढवतात, द्रव गाळतात आणि त्यात साल्कोव्स्की नावाचं रसायन टाकतात. आयएए असेल तर गुलाबी रंग येतो. सोपं आणि स्वस्त. पण दोन अडचणी आहेत. आयएएसारखी दुसरी रसायनंही रंग देऊ शकतात. आणि या चाचणीत बुरशीला बऱ्याचदा बाहेरून भरपूर ट्रिप्टोफॅन खायला घालतात. बाटलीत जेवढं आयएए दिसलं तेवढंच ती तुमच्या वाफ्यात बनवेल, याची खात्री त्यातून मिळत नाही.

पद्धत २: बुटक्या भातावर बघणे. वाइटो-सी नावाचा भाताचा एक बुटका वाण आहे. त्याच्यात स्वतःचं कामाचं जिबरेलिन नीट तयार होत नाही. त्याला बुरशीचं गाळलेलं पाणी दिलं आणि तो उंच झाला, तर जिबरेलिन बाहेरून आलं असा अंदाज बांधता येतो. नंतर मशीनवर रसायन ओळखून खात्री करतात.

दक्षिण कोरियातल्या शास्त्रज्ञांनी हीच पद्धत काकडीसाठी वापरली. त्यांनी काकडीच्या मुळांच्या आत राहणाऱ्या बुरशा वेगळ्या काढल्या, एकेकीचं पाणी भाताच्या रोपांवर तपासलं, आणि त्यातली पेसिलोमायसेस फॉर्मोसस ही बुरशी निवडली. तिच्या द्रवात वेगवेगळी जिबरेलिन आणि आयएए दोन्ही सापडलं. मग तीच बुरशी काकडीच्या रोपांना देऊन त्यांना मिठाचं पाणी दिलं. बुरशीवाली रोपं बिनबुरशीच्या रोपांपेक्षा चांगली वाढली. हे काम २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं.

पद्धत ३: स्विच बंद करून बघणे. ही माझ्या आवडीची. प्रोग्रॅममध्ये काही बिघडलं की आम्ही काय करतो? ज्या ओळीवर संशय आहे ती बंद करतो आणि पुन्हा चालवून बघतो. बिघाड गेला तर संशय बरोबर. गेला नाही तर ती ओळ निर्दोष, दुसरीकडे शोधा. लॉगमध्ये एखादी गोष्ट दिसली म्हणजे तेच कारण, असं धरलं की रात्र वाया जाते. हे मी अनुभवाने सांगतो.

जीवशास्त्रातही असंच करता येतं, आणि दोन्ही बाजूंनी. रोपाचा "रिसीव्हर" बंद करा, किंवा बुरशीचा "सेंडर".

रिसीव्हर बंद केला तेव्हा

मामेभावाच्या पाकिटावर नाव होतं ट्रायकोडर्मा. आपल्याकडे भाजीपाल्याला सगळ्यात जास्त वापरली जाणारी ही मित्रबुरशी. हिरवट पावडर असते, आणि तिच्या काही जातींना चक्क खोबऱ्यासारखा वास येतो.

२००९ मध्ये मेक्सिकोतल्या शास्त्रज्ञांनी ट्रायकोडर्मा व्हिरेन्स ही जात अॅराबिडॉप्सिसवर वापरून पाहिली. हे मोहरीच्या कुळातलं छोटं रोप आहे, प्रयोगशाळेत नेहमी वापरतात. बुरशीमुळे रोपाचं वजन वाढलं आणि बाजूची मुळं वाढली. बुरशी आयएए आणि त्याच्यासारखी इतर रसायनं बनवते हेही दिसलं. मग त्यांनी अशी रोपं घेतली ज्यांच्यात ऑक्झिन वाहून नेणारे किंवा ऑक्झिनचा निरोप समजणारे जीन बिघडलेले होते. या रोपांवर बुरशीचा परिणाम कमी झाला.

म्हणजे ट्रायकोडर्माच्या या जातीचं काम रोपाच्या ऑक्झिन यंत्रणेतून होतं, याला चांगला आधार मिळाला. इथपर्यंत दुकानदार जिंकतोय.

सेंडर बंद केला तेव्हा

आता दुसरी बुरशी, आपल्या देशातली. राजस्थानच्या थर वाळवंटात वेडी बाभूळ आणि रानबोरासारख्या काटेरी झुडपांच्या मुळांजवळच्या मातीत अजित वर्मा आणि सहकाऱ्यांना एक नवीन बुरशी सापडली. १९९८ मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध झालं. तिचे बीजाणू नासपतीच्या आकाराचे, म्हणून नाव ठेवलं पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका. आता तिला सेरेंडिपिटा इंडिका म्हणतात. कितीतरी वेगवेगळ्या पिकांच्या मुळांत ती राहू शकते आणि रोप जोमदार करते.

२००७ मध्ये दिसलं की ही बुरशी ऑक्झिन बनवते. सगळ्यांना वाटलं, चला, कारण सापडलं!

पण २०११ मध्ये चायनीज कोबी या पालेभाजीवर काम झालं. बुरशीमुळे रोप वाढलं, केशमुळं वाढली, मुळातलं ऑक्झिनही वाढलं. पण ही वाढ बुरशीने स्वतः बनवलेल्या ऑक्झिनमुळे नाही, असा निष्कर्ष निघाला. बुरशी रोपाची स्वतःची ऑक्झिन यंत्रणा जागी करत होती.

२०१२ मध्ये जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी थेट बुरशीचा स्विच फिरवला. ट्रिप्टोफॅनपासून आयएए बनवायच्या रस्त्यातला एक महत्त्वाचा जीन त्यांनी दाबून टाकला आणि ही बुरशी बार्लीच्या मुळांना लावली. आयएए कमी झालं. मग रोपाची वाढ कमी झाली का? नाही! बार्ली तरीही वाढली. बिघाड वेगळ्याच ठिकाणी दिसला: सुरुवातीच्या दिवसांत बुरशीला जिवंत मुळात नीट बस्तान बसवता आलं नाही.

आठवला गेटपास? या बुरशीसाठी हार्मोन हे रोप वाढवायचं टॉनिक कमी आणि घरात शिरायची चावी जास्त होतं. लॉगमध्ये ऑक्झिन दिसत होतं, पण वाढीचं कारण दुसरं होतं.

मग रोप वाढतं कशामुळे?

एका कारणामुळे नाही. एकच बुरशी एका वेळी बरीच कामं करते:

- रोगकारक बुरशांना खाते किंवा त्यांची जागा अडवते. ट्रायकोडर्माचं मूळ काम हेच. रोपवाटिकेत रोपं कोलमडली नाहीत, तर प्लॉट आपोआप "जोमदार" दिसतो.
- मातीत अडकलेला स्फुरद आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं सुटी करते. सगळ्या जातींत हे सारखं नसतं.
- काही जाती इथिलीनचा कच्चा माल तोडतात. त्यामुळे ताणातही मुळं वाढत राहतात.
- रोपाची स्वतःची रोगप्रतिकार यंत्रणा आणि स्वतःची हार्मोन्स जागी करते.
- आणि हो, स्वतःही हार्मोन बनवते.

कुठल्या जातीत, कुठल्या पिकात, कुठल्या मातीत यातलं कुठलं काम पुढे येईल, हे बदलतं. म्हणून "यात हार्मोन आहे" हे वाक्य खोटं नाही, पण अपुरं आहे. अपुऱ्या माहितीवर अख्खा प्लॉट लावायचा नसतो.

पाकीट घेण्याआधी काय बघाल?

१. बुरशीचं पूर्ण नाव. नुसतं "मित्रबुरशी" किंवा "ग्रोथ फॉर्म्युला" लिहिलं असेल तर पाकीट खाली ठेवा.
२. सीएफयूचा आकडा. एका ग्रॅममध्ये वाढू शकतील असे किती जिवंत कण आहेत, ते हा आकडा सांगतो. ट्रायकोडर्माच्या पावडरीत ग्रॅमला किमान २० लाख, म्हणजे २ × १०⁶ हवेत.
३. उत्पादनाची आणि मुदतीची तारीख. ही जिवंत वस्तू आहे. दुकानाच्या काचेत उन्हात पडलेलं पाकीट घेऊ नका.
४. नोंदणी क्रमांक. रोगनियंत्रणासाठी विकलं जाणारं ट्रायकोडर्मा कीटकनाशक कायदा, १९६८ खाली नोंदवावं लागतं. वाढीसाठीच्या "बायोस्टिम्युलंट" उत्पादनांना २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात आणलं आहे. क्रमांक नसेल तर दुकानदाराला विचारा आणि पक्कं बिल घ्या.
५. सोबत काय मिसळताय? कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक याच्याबरोबर दिलं तर रोगकारक बुरशीसोबत आपली बुरशीही मरते. मग हार्मोन बनवणार कोण?

मोबाईलवर करता येईल असा प्रयोग

मामेभावाला मी पूर्ण प्लॉटऐवजी तीन ट्रे सांगितले. तुम्ही गच्चीवर मिरची किंवा वांग्याच्या रोपांवरही करू शकता.

- ट्रे अ: फक्त पाणी.
- ट्रे ब: पाकिटावरच्या प्रमाणात बुरशी मिसळलेलं पाणी.
- ट्रे क: तेच मिश्रण, पण आधी चांगलं उकळून पूर्ण गार केलेलं. यात बुरशी मेलेली असते, बाकीची पावडर तशीच असते.

तिन्हींत एकच बी, एकच कोकोपीट, एकच जागा, प्रत्येकी निदान २० रोपं. दर चौथ्या दिवशी एकाच उंचीवरून फोटो काढा, मापासाठी शेजारी पट्टी ठेवा. पंचविसाव्या दिवशी प्रत्येक ट्रेमधली पाच-पाच रोपं मुळांसकट काढा, हलक्या हाताने धुवा आणि पांढऱ्या कागदावर फोटो काढा. रोपं निवडताना चांगली चांगली उचलू नका, डोळे झाकून काढा.

ब आणि क सारखेच दिसले, तर फरक जिवंत बुरशीचा नाही, पावडरीचा आहे. ब मध्ये पांढरी मुळी स्पष्ट जास्त दिसली, तर बुरशी काम करतेय. ती हार्मोनमुळे करतेय की दुसऱ्या कशामुळे, हे या प्रयोगातून कळणार नाही. पण मामाला पुढचे पैसे घालायचे की नाही, एवढं नक्की कळेल.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: रोप उंच झालं म्हणजे बुरशी चालली ना?
उत्तर: नाही. बाकानाए आठवा. खोडाची जाडी, पानांचा रंग आणि मुळं बघा.

प्रश्न: मग थेट हार्मोनच फवारलं तर?
उत्तर: ते वेगळं औषध आहे. त्याचा डोस आणि वेळ चुकली तर नुकसान होतं. जाणकाराला विचारल्याशिवाय नको.

प्रश्न: बुरशी टाकली की खत बंद करायचं का?
उत्तर: नाही. बुरशी मुळाला अन्न शोधायला मदत करते, मातीत नसलेलं अन्न ती आणू शकत नाही. चांगलं कुजलेलं शेणखत असेल तर ट्रायकोडर्मा स्वतःही चांगली वाढते.

शेवटी

मामाने आधी कुरकुर केली, "तीन ट्रेने काय होतंय?" पण मग ते तयार झाले. ट्रेवर अ, ब, क अशा चिठ्ठ्या लागल्या आहेत, रोपांना दोन पानं आली आहेत, आणि दर चौथ्या दिवशी फॅमिली ग्रुपवर पट्टीसकट फोटो येतायत. प्लॉटचा निर्णय मुळं धुतल्यावर होईल.

तुमच्याही घरी असं पाकीट आलं असेल तर आधी तीन ट्रे लावा. लेख आवडला तर शेती करणाऱ्या तुमच्या मित्राला नक्की पाठवा.